उभं राहण्याचा प्रश्न : चोपड्याच्या एका जोडप्याचा अंटार्क्टिका प्रवास

जळगावात बसून मी लोकांना फिरायला पाठवते. चारधाम, काश्मीर, दुबई, युरोप हा रोजचा धंदा. ध्रुवाकडे पाठवलेली माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतल्या एका प्रकरणाची वही मी अजून जपून ठेवली आहे. त्यात एक गोष्ट मी बरोबर ओळखली आणि एक साफ चुकवली, आणि चुकवलेली गोष्ट माझ्याच फाइलमध्ये लिहिलेली होती.

जोडपं चोपडा तालुक्यातलं. नाना ६६ वर्षांचे, तापीकाठचे केळी बागायतदार. माई ६३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोघं पहिल्यांदा आले. हौस माईंची होती. त्या म्हणाल्या, "शाळेत पृथ्वीगोल होता ना ताई, त्याचा खालचा स्क्रू नेमका अंटार्क्टिकावर बसवलेला. तीस वर्षं मी मुलांना तो स्क्रू दाखवून सांगत आले, इथे बर्फाचा खंड आहे म्हणून. आपली माणसं ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोचली, तेही शिकवलं. स्क्रूखाली काय आहे ते मला बघायचंय."

नानांना पेंग्विनचं विशेष नव्हतं, माईंचं होतं. नानांचा उजवा गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, ती ते दरवर्षी पुढच्या हंगामावर ढकलत होते.

मोठं जहाज की लहान

पुण्यातल्या मुलाने आधीच एक पत्रक पाठवलं होतं. अडीच हजार प्रवाशांचं जहाज, ब्युनोस आयर्सहून सुटणारं, चार दिवस अंटार्क्टिकाच्या पाण्यात. भाडं लहान जहाजाच्या निम्म्याहून कमी. मुलाचं म्हणणं फोनवर ऐकलं तेव्हा मला ते पटण्यासारखं वाटलं. जहाज मोठं म्हणून कमी हलणार, लिफ्ट आहे, दवाखाना आहे, आणि "बाबांना कुठे उतरायचंच नाही, मग गुडघ्याचा प्रश्नच नाही."

ते शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं, कारण त्या जहाजावरून कोणालाच उतरता येत नाही. अंटार्क्टिकाला पर्यटक नेणाऱ्या बहुतेक कंपन्या आयाटो या संघटनेच्या सभासद आहेत. १९९१ साली सात कंपन्यांनी ती स्थापन केली. तिचा नियम असा की पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने किनाऱ्यावर माणूस उतरवायचा नाही. त्याहून लहान जहाजांनीही एका जागी एका वेळी शंभरापेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत, एका ठिकाणी एका वेळी एकच जहाज, आणि साधारण वीस माणसांमागे एक मार्गदर्शक. हे सगळं १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या आणि १९९१ च्या माद्रिद येथील पर्यावरणविषयक जोडकराराच्या चौकटीत चालतं. आपण १९८३ पासून त्या करारात आहोत.

माईंना मी नकाशा काढून दाखवलं. मोठ्या जहाजाच्या डेकवरून हिमनग दिसतील, नशीब असेल तर देवमासाही दिसेल, पण पेंग्विन म्हणजे दुर्बिणीतले काळे ठिपके. माई गप्प बसल्या. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "म्हणजे स्क्रू तसाच राहणार."

तिसरी वाटही होती. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरायचं आणि तिथून जहाज धरायचं. दोन तासांचं उड्डाण, त्यामुळे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली खवळलेली ड्रेक सामुद्रधुनी टळते. पण त्या धावपट्टीवर ढग उतरले की विमान एक-दोन दिवस थांबतं, आणि भाडंही चढं. ड्रेकचं नाव काढल्यावर नाना पहिल्यांदा बोलले : "मी पूरमा तापी वलांडेल शे." पुरातली तापी ओलांडलेल्या माणसाला आठशे किलोमीटर उघड्या समुद्राची भीती मी काय घालणार!

मग प्रश्न उरला तो लहान जहाजाचा आणि नानांच्या गुडघ्याचा. लहान जहाजावरून उतरणं म्हणजे जहाजाच्या कुशीला लावलेल्या लोखंडी जिन्याने खाली यायचं, मार्गदर्शकाचा हात कोपराखाली घट्ट धरायचा, हलत्या रबरी बोटीत पाय टाकायचा, तिच्या फुगीर काठावर बसून किनाऱ्याजवळ यायचं आणि पाय बाहेर वळवून गुडघाभर पाण्यात उतरायचं. मी कंपनीला लिहिलं, त्यांनी डॉक्टरचा दाखला मागवला. आमच्या डॉक्टरांनी नानांना चालवून, जिना चढवून-उतरवून पाहिलं आणि दाखला दिला. मे २०२४ मध्ये आम्ही १७० प्रवाशांच्या एका जहाजावर जानेवारी २०२५ ची खोली पक्की केली. त्याच महिन्यात कोचीला अंटार्क्टिक कराराच्या देशांची ४६ वी बैठक भरली होती आणि पर्यटनाचे नियम हा तिथला एक मोठा विषय होता. माईंनी त्या बातमीचं कात्रण मला आणून दिलं. विद्यार्थ्याला गृहपाठ द्यावा, तसं.

महिना निवडताना मी जानेवारीचा हट्ट धरला. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पक्षी घरटी मांडत असतात. फेब्रुवारी-मार्चात देवमासे जास्त दिसतात, पण वसाहतीत चिखल आणि विष्ठेचा वास भरतो. जानेवारीत अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं असतात. नानांना मात्र जानेवारीत बाग सोडणं जिवावर आलं होतं. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, रात्री पाणी सोडावं लागतं, बांधावर धूर करावा लागतो. शेवटी पुतण्याने जबाबदारी घेतली.

पैसा आणि लस

जहाज, ते जिथून सुटतं त्या अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया बंदरातलं हॉटेल आणि तिथली अंतर्गत विमानं मिळून दोघांचे १८ लाख झाले. मुंबई ते ब्युनोस आयर्स तिकीट वेगळं. परदेशी सहलीवर तेव्हा टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापला जाणारा कर, होता तो सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के. मुलाने सगळे पैसे नानांच्या पॅनवर भरायचं ठरवलं होतं. तसं केलं असतं तर ३५ हजार अधिक ११ लाखांवर २ लाख २० हजार, म्हणजे २ लाख ५५ हजार कापले गेले असते. माईंच्या नावावर वेगळा सातबारा आहे, पेन्शन आहे, स्वतःचा पॅन आहे. दोघांनी आपापले नऊ लाख आपापल्या खात्यातून भरले. प्रत्येकी ७५ हजार, एकूण दीड लाख. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा देय करात वळता होतो. पण नानांचं उत्पन्न शेतीचं, म्हणजे करमुक्त. त्यांना वळता करायला काहीच नव्हतं. परतावा हाती येईपर्यंत वर्षावर काळ गेला. शेतकरी गिऱ्हाईक आलं की मी आता हा हिशेब पहिल्याच भेटीत कागदावर मांडते, कारण खतांच्या दिवसांत अडकलेले ७५ हजार कोणालाही बोचतात.

पिवळ्या तापाच्या लसीचा मुद्दा मुलाने कुठेच वाचला नव्हता. अर्जेंटिना ही लस मागत नाही, भारत मागतो. पिवळ्या तापाच्या देशांच्या आपल्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आहेत. तिथून परतणाऱ्याकडे दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. दाखला लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते. त्यात साठीच्या पुढे या लसीचे गंभीर त्रास होण्याची शक्यता जास्त असते. दोघंही साठीच्या पुढचे. हा निर्णय मी घेतला नाही, घ्यायचाही नव्हता. डॉक्टरांनी दोघांच्या जुन्या आजारांचा आढावा घेतला, मगच हिरवा कंदील दाखवला. ही धावपळ प्रवासाच्या तीन महिने आधी उरकली.

आणि गुडघा. त्यासाठी मी जे केलं, त्याचा मला तेव्हा अभिमान होता. नानांच्या शेतात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली. तिच्या फाळक्यावर बसायचं, दोन्ही पाय एकत्र ठेवून बाहेर वळवायचे, खाली पाण्याच्या पाटात उतरायचं. रोज सकाळी दहा वेळा. पुतण्या मार्गदर्शकासारखा कोपराखाली हात धरायचा. दोन महिन्यांत नाना ट्रॉलीवरून असे उतरायला लागले की मजूर बघत राहायचे.

तिथे काय झालं

उश्वायाला दोघं दोन दिवस आधी पोचले. जहाज संध्याकाळी सुटलं. बीगल खाडीत पाणी शांत होतं, मध्यरात्रीनंतर ड्रेक लागली. माई दीड दिवस अंथरुणाला खिळल्या. पोटात फक्त आल्याचा तुकडा आणि बिस्किट. नाना जेवणाच्या दालनात एकटे बसून डाळ-भात खात होते. तापीचं पाणी कामी आलं असावं.

दुसऱ्या दिवशी जैवसुरक्षेची तपासणी झाली. बाहेर नेण्याचा प्रत्येक कपडा, पिशवी, कॅमेऱ्याची पेटी टेबलावर, मार्गदर्शकाच्या हातात व्हॅक्यूमची नळी आणि चिमटा. नानांच्या जाकिटाच्या खिशातून ज्वारीचे चार दाणे निघाले. माई लाजल्या. मार्गदर्शकाने मात्र शांतपणे समजावलं. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या संशोधन केंद्राजवळ १९८० च्या दशकात असंच एक बाहेरचं गवत, पोआ अनुआ, रुजलं आणि ते उपटून काढणं किती जड गेलं, ते सांगितलं. दर वेळी उतरण्याआधी आणि परतल्यावर बूट जंतुनाशकाच्या टबात बुडवायचे, तळव्यातली घाण ब्रशने काढायची. इतर प्रवाशांना याचा कंटाळा येत होता. नाना मात्र दुसऱ्यांचेही तळवे तपासत होते. माईंना म्हणाले, "हाई ते आपला पनामा मरसारखं शे." बिहार-उत्तर प्रदेशाकडे केळीवर पनामा मर हा मातीतून पसरणारा रोग आल्यापासून बुटाला लागलेली माती म्हणजे काय, हे केळीवाल्याला सांगावं लागत नाही. ग्रँड नैन जातीच्या केळीची अख्खी बाग बसवण्याची ताकद त्या मातीत असते.

पहिलं उतरणं कुव्हरव्हिल बेटावर. तिथे जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. नाना रबरी बोटीच्या काठावरून ट्रॉलीवरून उतरावं तसे उतरले, पहिल्याच झटक्यात. त्या रात्री माईंनी मला लांबलचक मजकूर लिहून पाठवला. पेंग्विन चालून चालून बर्फात पाऊलवाटा पाडतात, त्यांच्यावर माणसाने थांबायचं नाही, पेंग्विन आला की वाट त्याची. पाच मीटर अंतर ठेवायचं. आणि स्वतःचा पाय बर्फात खोल रुतला तर तो खड्डा बुजवूनच पुढे जायचं, नाहीतर पेंग्विन त्यात पडतो आणि त्याला वर येता येत नाही. "मी माझे सगळे खड्डे बुजवले," त्यांनी लिहिलं होतं.

त्याच मजकुराच्या शेवटी एक ओळ होती : नाना उद्या उतरणार नाहीत म्हणतात.

मी घाबरून फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या इंटरनेटवरून नानांचाच आवाज आला. "चालाले जड जात नई ताई, उभं ऱ्हावाले जड जास."

किनाऱ्यावर दीड तास मिळतो. चालणं त्यात वीस मिनिटांचं, बाकीचा वेळ जागेवर उभं राहून बघायचं. नानांनी अर्ध्या तासाने एका दगडाला टेकायला पाहिलं तर मार्गदर्शकाने अदबीने थांबवलं. बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवीही जमिनीवर ठेवायची नाही. कारण बर्ड फ्लू. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या पक्ष्यांत तो सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर स्कुआ पक्ष्यांत त्याची खात्री झाली. जमिनीला फक्त बुटाचा तळवा लागावा, कारण तळवा धुता येतो, विजारीची बैठक नाही.

हा नियम मला माहीत होता. कंपनीने पाठवलेल्या सूचनांत तो होता, मी मराठीत उतरवून माईंना दिला होता. पण मी तो पक्ष्यांचा नियम म्हणून वाचला. तो गुडघ्याचाही नियम आहे, हे मला सुचलं नाही. दोन महिने मी ट्रॉलीवरून उतरण्याचा सराव करून घेतला. उतरायला अर्धं मिनिट लागतं. उभं राहायला दीड तास लागतो. शेतात नाना दिवसभर फिरतात, पण थकले की बांधावर बसतात. बांध नसलेल्या जागी मी त्यांना पाठवलं होतं.

पुढची सोडवणूक जहाजावरच्या पथकप्रमुख बाईंनी केली, आणि ती मला मनापासून भावली. १७० प्रवासी, किनाऱ्यावर एका वेळी शंभर, म्हणजे दोन पाळ्या. एक पाळी उतरते तेव्हा दुसरी रबरी बोटींतून हिमनगांमध्ये फिरते, मग अदलाबदल. त्यांनी नानांना दोन्ही वेळा फिरत्या बोटीत ठेवायची तयारी दाखवली आणि जिथे उतरण्याची जागा लहान, सपाट, तिथेच फक्त पंधरा-वीस मिनिटांसाठी उतरवायचं ठरवलं. बोटीत बसता येतं, कारण बोट धुता येते.

द्वीपकल्पाच्या पाच दिवसांत दहा फेऱ्या ठरल्या होत्या. दोन वाऱ्याने गेल्या. एका ठिकाणी मेलेले पक्षी दिसले म्हणून किनारा बंद केला आणि सगळ्यांनाच बोटीतून फिरवलं. माई सात वेळा उतरल्या. पोर्ट लॉक्रॉयलाही उतरल्या, जिथे १९४४ च्या ब्रिटिश तळाच्या खोलीत आज पोस्ट ऑफिस आणि संग्रहालय आहे. तिथून त्यांनी आपल्या जुन्या शाळेला पत्र टाकलं. नाना तीन वेळा उतरले, पण बोटीत माईंच्या दुप्पट तास बसले. नेको हार्बरला हिमकड्याचा तुकडा कोसळताना, त्याची लाट बोटीखालून जाताना त्यांनी पाहिलं. बर्फाच्या लादीवर झोपलेला बिबट्या सील त्यांच्यापासून इतका जवळ होता की त्याचा श्वास ऐकू आला, असं ते सांगतात. माईंना तो दिसलाच नाही, त्या तेव्हा टेकडीवर होत्या. मुंबईला उतरल्यावर नानांनी मला फोन केला तो पेंग्विनांबद्दल नव्हता. सीलच्या श्वासाबद्दल होता.

माझ्या वहीतलं

लहान जहाजाचा सल्ला बरोबर होता, पण मी दिलेलं कारण अर्धवट होतं. मी म्हटलं होतं, मोठ्या जहाजावरून उतरता येत नाही म्हणून लहान घ्या. ते माईंना लागू पडलं. नानांसाठी लहान जहाजाचा खरा उपयोग म्हणजे रबरी बोटी. मुलाने सुचवलेल्या जहाजावर नानांचा गुडघा सुरक्षित राहिला असता, पण तो श्वास त्यांना ऐकू आला नसता. गुडघ्याला जपायचं म्हणून जहाज मोठं घ्यायचं, हा हिशेब मी तेव्हापासून कोणालाही करू देत नाही. आधी विचारते की पाण्याच्या पातळीवर बसून किती तास मिळणार.

सराव मी आजही करून घेते, पण वेगळा. गिऱ्हाइकाला मेहरूण तलावाच्या काठावर नेते आणि तासभर उभं करते. टेकायचं नाही, बसायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, पाण्यातले बगळे बघायचे. चाळीस मिनिटांनी माणूस कुठे कळ काढतो ते दिसतं. तेवढंच कंपनीला लिहून पाठवायचं, म्हणजे पथकप्रमुखाला पहिल्या दिवशीच माहीत असतं.

एक गोष्ट मात्र अजून मनात सलते. २०२३-२४ च्या हंगामात १ लाख २० हजारांहून जास्त पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. त्यांत भर घालणारी मीही एक. पण नानांनी दुसऱ्यांचे तळवे तपासले, माईंनी आपले खड्डे बुजवले. अशी माणसं पाठवायची असतील तर मी पाठवेन. फक्त फोटोसाठी जाणारं गिऱ्हाईक मी एकदा परत पाठवलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मागच्या महिन्यात माई पुन्हा आल्या. नानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया या पावसाळ्यात ठरली आहे. हातात शाळेतून मागून आणलेला तोच जुना पृथ्वीगोल. त्यांनी वरच्या टोकावर बोट ठेवलं. "इथेही स्क्रू आहे ताई."

उत्तरेला स्वालबार्ड, उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं. तिथेही १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झाले आहेत. संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांचं जहाज चालत नाही, ठरलेल्या जागांवरच उतरता येतं, आणि पांढऱ्या अस्वलापासून तीनशे मीटर, मार्च ते जून या काळात पाचशे मीटर लांब राहावं लागतं. म्हणजे अस्वल बघायचं ते बहुधा डेकवरून किंवा बोटीत बसून. मी तीन कंपन्यांना पत्र लिहिलं आहे. पहिलाच प्रश्न : एका दिवसात बोटीत बसून किती तास? दोघांची उत्तरं आली आहेत, तिसऱ्याची वाट बघते आहे. पृथ्वीगोल सध्या माझ्याच टेबलावर आहे.